पिवळे कार्ड आणि अकरा महिन्यांचा करार

प्रवेशपत्रासोबत आम्ही परदेशी विद्यार्थ्यांना एक सूचनापत्रक पाठवतो. ते कुणा तज्ज्ञाने एका बैठकीत लिहिलेले नाही. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणाच्या तरी फजितीतून आलेली आहे. पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात मी काम करते आणि जून ते सप्टेंबर ही आमची लग्नसराई. फोन, ईमेल, मुंबई विमानतळावरून पहाटे येणारे 'मॅडम, आता कुठे जाऊ' असे मेसेज, आणि दुपारी कक्षाबाहेरच्या बाकावर सुटकेससकट झोपलेली मुले.

'पिवळे कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत ठेवा' ही पत्रकातली ओळ ठळक अक्षरांत आहे. केनिया, नायजेरिया, इथिओपिया, सुदान अशा देशांतून येणाऱ्याला पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला, म्हणजे हे पिवळे कार्ड, दाखवावा लागतो आणि लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. आता यातली मेख बघा. दाखला तपासणारे आरोग्य खात्याचे टेबल इमिग्रेशनच्या आधी असते, आणि सामानाचा पट्टा इमिग्रेशनच्या नंतर. एका मुलाच्या आईने कार्ड हरवू नये म्हणून ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सुटकेसच्या तळाशी, सगळ्या कपड्यांच्या खाली ठेवले होते. मुलगा टेबलापाशी सांगतोय, 'कार्ड आहे, पण बॅगेत आहे,' आणि बॅग पलीकडे पट्ट्यावर गोल गोल फिरतेय. दाखला नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. मी बाहेर त्याच्या नावाचा कागद धरून उभी. विमान कंपनीच्या एका भल्या कर्मचाऱ्याने बॅग शोधून आत नेली म्हणून तो त्याच दिवशी पुण्याला पोचला. दुसरी एक मुलगी कार्ड घरीच ठेवून निघणार होती, कारण त्यावरची १० वर्षांची मुदत उलटली होती. पीतज्वराची लस २०१६ पासून जगभर आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात. तिला हे आम्ही वेळेत, ती विमानतळावर निघायच्या आदल्या रात्री सांगू शकलो.

या सगळ्याच्या आधी येतात कागद. इथिओपियाच्या एका मुलाची फाइल आमच्या कक्षातल्या काकूंनी माझ्या टेबलावर आपटली होती. 'हा मुलगा दहाव्या वर्षी बारावी झालाय!' पासपोर्टवर जन्मसाल १९९९ आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर २००९. काकूंना बनावट कागदाचा वास आला होता आणि त्यांचा संशय रास्तच होता. पण इथिओपियाचे कॅलेंडर आपल्या नेहमीच्या कॅलेंडरपेक्षा सात-आठ वर्षे मागे चालते, महिने १३ असतात. त्यांचे २००९ म्हणजे आपले २०१६-१७. मुलगा रीतसर अठराव्या वर्षी बारावी झाला होता. इराणी मुलाच्या दाखल्यावर १३९६ असते, ते म्हणजे २०१७-१८. मी काकूंना म्हटले, आपल्या शासनाच्या राजपत्रावर शके १९३९ छापलेले पाहून इथिओपियातला कारकून आपल्याला कोणत्या काळातले समजेल? काकू हसल्या नाहीत, पण त्यांनी भिंतीवर एक तक्ता चिकटवला. चार कॅलेंडरांची साले शेजारी शेजारी. तो अजून आहे आणि आमच्या कक्षातली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

नावांचे त्रांगडे त्याहून मोठे. आमच्या अर्जात आडनावाची चौकट सक्तीची आहे. इथिओपियात आडनाव नसते. स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे. कित्येक अफगाण मुलांच्या पासपोर्टवर एकच नाव. संगणक चौकट रिकामी सोडू देत नाही, म्हणून मुले काहीतरी भरतात, आणि प्रवेशपत्रावरचे नाव पासपोर्टपेक्षा वेगळे निघाले की व्हिसाच अडतो. आता मी दम देऊन सांगते, पासपोर्टवर जे आहे तेच, एकही अक्षर जास्त नको.

एक वडील मुलाला घेऊन पर्यटनाच्या ई-व्हिसावर आले. हेतू चांगला होता, की आधी कॉलेज डोळ्यांनी पाहू, पटले तर प्रवेश घेऊ. पटले. फीही भरायला निघाले. तो व्हिसा इथे बसून विद्यार्थी व्हिसात बदलता येत नाही हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला अजून आठवते. मुलाला परत मायदेशी जाऊन विद्यार्थी व्हिसा घेऊन यावे लागले. उलटा प्रकारही होतो. व्हिसा आमच्या कॉलेजच्या नावावर, आणि आल्यावर कळते की मित्र शेजारच्या कॉलेजात आहे. 'मॅडम, मी तिकडे जातो.' जाता येते, पण आधी परवानगी काढून. मनाला येईल तसे नाही.

केनियाची एक मुलगी नेमकी अनंत चतुर्दशीला आली. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत तिची सोय नारायण पेठेत केली होती. टॅक्सीवाल्याने डेक्कनलाच गाडी थांबवली आणि दोन सुटकेस रस्त्यावर ठेवून हात जोडले. पुढचे रस्ते मिरवणुकीसाठी बंद. ज्या मिरवणुकीला चोवीस तासही पुरत नाहीत, ती संपायची वाट कोण पाहणार? तिने मला फोन केला, पण ढोलांच्या आवाजात तिला माझे आणि मला तिचे काहीच ऐकू येईना. शेवटी एका मंडळाच्या पोरांनी तिच्या सुटकेस डोक्यावर घेतल्या आणि गर्दीतून वाट काढत तिला दारापर्यंत सोडले. दुसऱ्या दिवशी ती कक्षात आली तेव्हा केसांत गुलाल होता. तिची समजूत अशी झाली होती की हे रोजचेच आहे. त्या वर्षीपासून पत्रकात विसर्जनाची तारीखही असते.

पुण्याला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टरही होते. मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला होता आणि मुलांच्या वसतिगृहात मुलींना मज्जाव असल्याने एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत असे, हे त्यांनी पाहिले. परक्या गावात मुलांचे कोण असते, या विचारातून १९७१ मध्ये सिम्बायोसिस ही संस्था उभी राहिली. आजही माझ्याकडे येणारे निम्मे प्रश्न नियमांचे नसतातच. ताप आला तर कुणाला सांगू, असेच असतात.

पण खरी कसोटी विमानतळावर लागत नाही. ती लागते घर शोधताना. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने साधारणपणे १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करायची असते. २०१८ पासून हे काम ई-एफआरआरओ संकेतस्थळावर होते. पूर्वी फायली घेऊन रांगेत बसावे लागे. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, आमचे बोनाफाईड हे सगळे एका दुपारी जमते. अडते ते राहत्या पत्त्याच्या पुराव्यावर. त्यासाठी घरमालकाने एक फॉर्म भरायचा, म्हणजे परदेशी माणूस आपल्याकडे राहायला आल्याचे २४ तासांत ऑनलाइन कळवायचे. शिवाय अकरा महिन्यांचा भाडेकरार हवा, तोही नोंदणीकृत. मुलाकडे आधार नाही म्हणून करार घरबसल्या होत नाही, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावे लागते. मालक म्हणतात, 'आधी नोंदणीचा कागद दाखव, मग करार करू.' नोंदणी म्हणते, आधी करार. या पेचात १४ दिवस कसे जातात कळत नाही.

त्यात पुण्याचे पत्ते. मालकांनी फॉर्मवर लिहिले 'पत्र्या मारुतीजवळ', करारावर सिटी सर्व्हे नंबर, आणि मुलाने अर्जात इमारतीचे नाव. घर एकच, पत्ते तीन. अर्ज परत.

कोथरूडच्या एका आजोबांचा किस्सा सांगते. खोली रिकामी, ताजिकिस्तानची मुलगी पसंत, भाडे ठरलेले. पण फॉर्मचे नाव काढले की आजोबा मागे सरत. 'पोलिसांचे लफडे मला नको.' मी दोनदा समजावले, उपयोग शून्य. मग एके दिवशी त्यांचाच फोन आला. नात म्युनिकला शिकायला गेली होती. तिथेही नव्या पत्त्यावर राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते आणि घरमालकाने सही केलेला कागद लागतो. २०१५ पासून तो देणे मालकावर बंधनकारक आहे. नातीचा मालक सुट्टीवर गेला होता, कागद मिळत नव्हता आणि ती रोज रात्री आजोबांना फोन करून रडत होती. आजोबा म्हणाले, 'त्या मुलीला पाठवा. आणि तो फॉर्म कुठे भरायचा ते सांगा.' फॉर्म भरायला त्यांना अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटे चष्मा शोधण्यात गेली.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झाला. १९४६चा जुना विदेशी नागरिक कायदा आणि त्याच्या जोडीचे आणखी तीन कायदे रद्द झाले. घर देणाऱ्याची आणि महाविद्यालयाची कळवण्याची जबाबदारी मात्र नव्या कायद्यातही आहे. म्हणजे फॉर्म टाळून खोली दिली तर अडचणीत विद्यार्थी येतोच, मालकही येतो. नियम पाळून दिली तर कुणालाच त्रास होत नाही, हे मी सोसायट्यांच्या सेक्रेटरींना सांगून थकले आहे.

तेव्हा परदेशी विद्यार्थ्याला खोली देत असाल तर करारावर आणि फॉर्ममध्ये पत्ता अक्षरशः एकच लिहा, मारुती-गणपती वगळून. फॉर्म तो आला त्याच दिवशी भरा. कुठे अडलात तर त्याच्या कॉलेजच्या कक्षाला फोन करा. तो उचलायचाच आम्हाला पगार मिळतो.