वर येणाऱ्या वस्तीत घर : एग्मोरचा हिशेब

एखादी वस्ती ‘वर येते आहे’ असे इस्टेट एजंट सांगतो, तेव्हा तो घरासोबत दोन गोष्टींची किंमत लावत असतो. स्टेशन, शाळा, दवाखाना, पाणी अशा आज उभ्या असलेल्या सोयींची एक, आणि पुढे होणार म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सुधारणांची दुसरी. पैसे मात्र दोन्हींचे आजच मोजावे लागतात. त्यामुळे अशा वस्तीत घर घ्यायचे की नाही हे ठरवताना या दोन किमती वेगळ्या करणे हे पहिले काम असते. चेन्नईच्या मध्यभागी असलेल्या एग्मोरमध्ये हे काम कसे करता येते, ते पाहण्यासारखे आहे.

जुनी वस्ती, नवी मागणी

एग्मोर नवे नाही. ईस्ट इंडिया कंपनीने 1693 मध्ये हे गाव मद्रासला जोडून घेतले. पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांचे मोठ्या आवारांचे बंगले इथे उभे राहिले. सरकारी वस्तुसंग्रहालय 1851 मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांतच पॅंथियन रोडवरील आजच्या जागी आले. त्याच आवारात 1896 मध्ये कोनेमारा ग्रंथालय उघडले. 1908 मध्ये एग्मोर स्टेशन सुरू झाले आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या मीटरगेज गाड्यांचे ते मुख्य ठिकाण बनले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगल्यांची आवारे तुटून तिथे तीन-चार मजली इमारती झाल्या. त्या इमारतींचे आयुष्य आता संपत आले असून त्यांच्या जागी उंच इमारती येत आहेत. मे 2018 मध्ये मेट्रो एग्मोरला पोहोचली आणि या बदलाला वेग आला. शहराबाहेर शेतजमिनीवर वसणाऱ्या उपनगरात रस्ते, गटारे, शाळा यांची वाट पाहावी लागते. इथे ते सारे आधीपासून आहे. वर येत आहे ती इथली बांधलेली घरे आणि त्यांचा भाव. म्हणून इथली जोखीमही वेगळी. सोयी येतील की नाही यापेक्षा जमीन, इमारत आणि कागद कसे आहेत, हा इथला खरा प्रश्न.

काय आहे, काय होणार आहे

स्टेशनात लांब पल्ल्याच्या गाड्या, बीच–तांबरम उपनगरी मार्ग आणि मेट्रो तिन्ही मिळतात. मेट्रोने एका बाजूला सेंट्रल आणि दुसऱ्या बाजूला कोयंबेडूकडे जाता येते. स्त्रिया व मुलांचे सरकारी रुग्णालय आणि 1819 मध्ये स्थापन झालेले नेत्ररुग्णालय वस्तीतच आहे. डॉन बॉस्को शाळा कासा मेजर रोडवर, तर एथिराज महिला महाविद्यालय जवळच आहे. यातले काहीही उद्यावर अवलंबून नाही.

उद्याच्या यादीत पहिले नाव स्टेशनच्या पुनर्विकासाचे. मे 2022 मध्ये पायाभरणी झालेल्या, सुमारे 735 कोटी रुपयांच्या या प्रकल्पात जुनी इमारत राखून गांधी-आयर्विन रोड आणि पूनमल्ली हाय रोड अशा दोन्ही बाजूंना नव्या इमारती येत आहेत. काम चालू असताना काही गाड्या तांबरमला वळवाव्या लागल्या. काम पूर्ण झाल्यावर प्रवाशांची सोय होईल यात शंका नाही. पण स्टेशनाला लागून राहणाऱ्याच्या वाट्याला गर्दी, हॉर्न आणि पार्किंगची ओढाताणही येईल. स्टेशनपासून दहा मिनिटांवरचे घर आणि स्टेशनसमोरचे घर यांत म्हणूनच फरक करावा.

दुसरे आश्वासन कूवम नदीचे. वस्तीच्या कडेने वाहणारी ही नदी स्वच्छ करण्याची मोठी योजना 1967 मध्ये, अण्णादुराई मुख्यमंत्री असताना आखली गेली होती. त्यानंतर अनेक योजना झाल्या, काठावरच्या कुटुंबांना दूर पेरुंबाक्कमला हलवले गेले, पण पाण्याचा वास गेलेला नाही. ‘नदीकिनारी घर’ म्हणून कोणी जास्त भाव सांगत असेल, तर त्या जास्तीच्या रकमेला आज आधार नाही.

सोयी येतात तशा जातातही. खासगी लांब पल्ल्याच्या बसगाड्यांमुळे एग्मोर परिसरात पूर्वी रात्रभर वर्दळ असे. डिसेंबर 2023 मध्ये वंडलूरजवळ किलांबाक्कमचे बसस्थानक सुरू झाले आणि दक्षिणेकडच्या गाड्या तिकडे गेल्या. राहणाऱ्यांना ही शांतता हवीशी वाटेल, पण प्रवाशांवर चालणाऱ्या लॉजला किंवा दुकानाला ती परवडणारी नाही. एकाच बदलाचा अर्थ घर घेणाऱ्यागणिक वेगळा निघतो.

एग्मोर एकसारखेही नाही. केनेट लेनमध्ये लॉज आणि खानावळी दाटीने आहेत. शेजारचे पुदुपेट म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार. हॉल्स रोडच्या आतल्या बाजूला मात्र झाडांची सावली आणि शांतता मिळते. तामिळनाडूत सरकारी ‘गाइडलाइन व्हॅल्यू’, म्हणजे आपल्याकडचा रेडी रेकनर दर, रस्त्यागणिक ठरतो. घर घेणाऱ्यानेही वस्तीचा सरसकट भाव न धरता गल्लीचा भाव धरावा.

पाणी : कधी जास्त, कधी कमी

महाराष्ट्रातला माणूस घर पाहायला पावसाळ्यात जायचे म्हणून जुलैत चेन्नईला गेला, तर त्याला काही कळणार नाही. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. डिसेंबर 2015 चा पूर, नोव्हेंबर 2021 ची अतिवृष्टी आणि डिसेंबर 2023 चे ‘मिचाँग’ चक्रीवादळ या तिन्ही वेळी शहराचे मोठे भाग पाण्यात होते. एग्मोरचा गेंगू रेड्डी सबवे मोठ्या पावसात तुंबण्यासाठी ओळखला जातो. या तीन तारखांना इमारतीच्या तळमजल्यात किती पाणी होते, हे शेजारचा दुकानदार, इस्त्रीवाला किंवा वॉचमन सांगू शकतो. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा, विजेच्या मीटरची उंची आणि तळघरातल्या पार्किंगचा पंप पाहिला की त्यांच्या सांगण्याचा पडताळाही होतो.

नदीजवळची जमीन मऊ आहे, हे बांधणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1818 ते 1821 या काळात इथे सेंट अँड्र्यूज कर्क हे चर्च बांधले गेले, तेव्हा पाया साध्या चरांत न घेता जमिनीत विहिरी उतरवून त्यांवर इमारत उभी केली गेली. ती अजून भक्कम आहे. आजच्या इमारतीसाठी माती परीक्षणाचा अहवाल आणि पायाचा प्रकार विचारणे म्हणूनच आगाऊपणा ठरत नाही.

दुसरे टोक टंचाईचे. जून 2019 मध्ये शहराला पाणी देणारे जलाशय कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेटहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतर समुद्राचे पाणी गोडे करण्याची क्षमता वाढली, 2024 मध्ये नेम्मेलीचा दुसरा प्रकल्पही सुरू झाला. तरी इमारतीत मेट्रो वॉटरची, म्हणजे शहराच्या पाणीपुरवठा मंडळाची, जोडणी किती मोठी, साठवण टाकी केवढी, बोअरचे पाणी खारे आहे का, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरवर किती खर्च होतो, हे मागच्या वर्षाच्या देखभालीच्या हिशेबातून पाहावे. पावसाचे पाणी जमिनीत जिरवण्याची सोय राज्यात 2003 पासून सक्तीची आहे. ती कागदावर आहे की खरोखर चालते, हे गच्चीवरचे पाइप कुठे उतरतात ते पाहिले की कळते.

सदनिका म्हणजे जमिनीतला वाटा

मुंबई-पुण्यात सदनिकाधारक सोसायटीचा सभासद असतो आणि अभिहस्तांतरण झाल्यावर जमीन सोसायटीच्या नावे होते. चेन्नईत प्रत्येक सदनिकेसोबत जमिनीतला अविभक्त हिस्सा थेट घरमालकाच्या नावे नोंदवला जातो. बाजारात त्याला ‘यूडीएस’ म्हणतात. इमारत जुनी होत जाते तशी तिची किंमत घटते, वाढतो तो जमिनीचा भाव. म्हणून इथे घराच्या क्षेत्रफळाइतकाच हा हिस्सा महत्त्वाचा.

एक उदाहरण घेऊ. चेन्नईत जमीन ‘ग्राउंड’मध्ये मोजतात आणि एक ग्राउंड म्हणजे 2,400 चौरस फूट. चार ग्राउंडवर आठ सदनिकांची जुनी इमारत असेल, तर प्रत्येकीच्या वाट्याला 1,200 चौरस फूट जमीन येते. 2019 च्या एकत्रित विकास व इमारत नियमांनुसार साध्या इमारतीला 2 आणि उंच इमारतीला 3.25 एफएसआय मिळतो. रुंद रस्त्यावर अधिमूल्य भरून तो आणखी वाढवता येतो. त्याच चार ग्राउंडवर 2 एफएसआयने सोळा घरे झाली, तर हिस्सा 600 चौरस फुटांवर येतो. उंच इमारतीत तो आणखी कमी होतो. नव्या इमारतीत लिफ्ट, जनरेटर, पार्किंग मिळते आणि जुनीत जमीन जास्त मिळते. दोन घरांची तुलना करताना प्रत्येक चौरस फूट हिश्श्यामागे किती पैसे पडतात, हा भागाकार जरूर करावा.

जुन्या घराची किंमत बहुतेक वेळा पुनर्विकासाच्या आशेवर उभी असते. 2022 चा तामिळनाडू सदनिका मालकी कायदा मार्च 2024 पासून लागू झाला. त्यानुसार दोन तृतीयांश मालकांच्या संमतीने पुनर्विकास करता येतो. आठांच्या इमारतीत याचा अर्थ सहा जण. त्यांतले कोण परदेशात आहे, कोणाचा वारसाहक्काचा वाद आहे, समोरचा रस्ता किती रुंद आहे, हे न पाहता केलेला पुनर्विकासाचा हिशेब हवेतलाच.

कागदपत्रे

चेन्नई महानगर विकास प्राधिकरण आणि तामिळनाडू रेरा या दोन्हींची कार्यालये गांधी-आयर्विन रोडवर, म्हणजे एग्मोरमध्येच आहेत. मंजूर नकाशा आणि प्रकल्पाची नोंद ताडून पाहणे त्यामुळे सोपे जाते. पण एक फट आहे. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. दोन-सव्वादोन ग्राउंडच्या भूखंडावरचे अनेक छोटे प्रकल्प या सवलतीत बसतात. तिथे ग्राहकांकडून आलेल्या पैशाचा 70 टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन नसते. अशा ठिकाणी काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळालेले तयार घर घेणे अधिक सुरक्षित.

मालकीसाठी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली मूळ दस्तांची साखळी. दुसरी ‘ईसी’, म्हणजे निबंधक कार्यालयात नोंदलेले व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला. किमान तीस वर्षांचा तो मागवावा. तिसरी पट्टा, म्हणजे महसुली नोंद, जिची तुलना आपल्याकडच्या मालमत्ता पत्रकाशी होईल. जुन्या मद्रासमध्ये देवस्थाने, चर्च, वक्फ आणि सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनी बऱ्याच आहेत. त्यावरचे घर स्वस्त मिळाले, तरी कर्ज आणि पुढची विक्री अडू शकते. दस्त तामिळमध्ये असतील, तर स्थानिक वकिलाकडून त्यांची लेखी छाननी करून घ्यावी.

पैशांचा हिशेब

डिसेंबर 2023 पासून तामिळनाडूत नव्या सदनिकेचे जमीन आणि बांधकाम मिळून एकच खरेदीखत होते. मुद्रांक आणि नोंदणी मिळून 50 लाखांपर्यंत 6 टक्के, 3 कोटींपर्यंत 7 टक्के आणि त्यापुढे 9 टक्के लागतात. जुन्या घराच्या पुनर्विक्रीला 9 टक्के पडतात. मुंबईत मुद्रांक 6 टक्के आणि नोंदणी जास्तीत जास्त 30 हजार रुपये असते. त्या मानाने हा खर्च जड आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी वेगळा लागतो, दाखला मिळालेल्या तयार घरावर तो नाही.

समजा, तयार नव्या घराची किंमत दीड कोटी आहे. 75 लाखांपेक्षा मोठ्या कर्जात बँक किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 1 कोटी साडेबारा लाख देईल. उरलेले साडेसदतीस लाख आणि नोंदणीचे साडेदहा लाख, एकूण 48 लाख स्वतःचे लागतील. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता सुमारे 97,600 रुपये येतो. तेच घर 40 हजार भाड्याने मिळत असेल, तर पहिल्या वर्षी साडेनऊ लाख व्याज आणि 48 लाखांवर सात टक्क्यांनी बुडणारे सुमारे सव्वातीन लाख यांच्यासमोर वाचलेले भाडे 4 लाख 80 हजार. तूट आठ लाखांची. याचा अर्थ घराची किंमत वर्षाला साधारण साडेपाच टक्के वाढली, तर खरेदी आणि भाडे बरोबरीत येतात. देखभाल आणि मालमत्ता कर धरला तर याहून जास्त वाढ हवी. प्रत्यक्ष आकडे घालून हा हिशेब केला, की ‘वर येण्या’वर आपण किती पैज लावतो आहोत ते दिसते.

दोन-तीन वर्षांत बदली होण्याची शक्यता असलेल्याला, नोंदणीचा खर्चच भरून निघत नसल्याने, एग्मोर भाड्यानेच परवडते. वेगळा करार नसेल तर अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकीच, असे 2019 पासून लागू झालेला राज्याचा भाडे कायदा सांगतो. सात-आठ वर्षे राहू इच्छिणाऱ्यानेही आधी एक मे आणि एक नोव्हेंबर त्याच गल्लीत भाड्याने काढला, तर पाण्याची दोन्ही रूपे कळतात. त्यानंतर स्टेशनची नवी इमारत रखडली आणि कूवम आहे तशीच राहिली, असे धरूनही हप्ता पेलत असेल, कागद स्वच्छ असतील आणि जमिनीचा हिस्सा किमतीला साजेसा असेल, तर घर घ्यावे. यातली एक अट जरी केवळ भाववाढीच्या भरवशावर सोडावी लागत असेल, तर ते घर सोडून पुढचे पाहावे.