मधुमेहातील जीवनशैली उपक्रम : परिणाम आणि खर्च

आमच्या हितचिंतकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहाराने आणि चालण्याने आटोक्यात येत असेल, तर त्यासाठी रुग्णालयाला निराळा पैसा कशासाठी हवा? भाकरी रुग्णाच्या घरची, रस्ता नगरपालिकेचा. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच देणे उचित ठरेल.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असून १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. जीवनशैलीतील बदलाचा परिणाम प्रथम या दुसऱ्या गटातच नीट मोजला गेला.

चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५३१ व्यक्तींचा सुमारे अडीच वर्षे पाठपुरावा केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. ज्यांना आहार व व्यायामाचे मार्गदर्शन, दरमहा दूरध्वनी आणि दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष भेट मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. म्हणजे धोका २८.५ टक्क्यांनी घटला. अमेरिकेतील २००२ च्या अशाच मोठ्या प्रयोगात घट ५८ टक्के होती; तथापि तेथील मार्गदर्शन कितीतरी अधिक सघन होते. चेन्नईच्या गटाचे वजन फारसे उतरले नव्हते, तरीही लाभ झाला, ही बाब आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. वजनकाट्याकडे पाहून निराश होणाऱ्या रुग्णांना आम्ही ती आवर्जून सांगतो.

याच अभ्यासाचा खर्च २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाणिज्य शाखेच्या आमच्यासारख्या माणसाला तो अधिक बोलका वाटतो. तीन वर्षांत सल्ल्याच्या गटावर दरडोई २,७३९ रुपये, तर जीवनशैली गटावर १०,१३६ रुपये खर्च झाले. फरक ७,३९७ रुपयांचा. एका व्यक्तीचा मधुमेह टाळण्यासाठी ६.४ व्यक्तींना मार्गदर्शन द्यावे लागले. दोहोंचा गुणाकार केला असता एक मधुमेह टाळण्याचा खर्च ४७,३४१ रुपये येतो. मेटफॉर्मिन या स्वस्त समजल्या जाणाऱ्या गोळीने तोच परिणाम साधण्यास ४९,२८० रुपये लागले. उंबरठ्यावरील व्यक्ती शोधून काढण्याचा खर्च, प्रत्येकी ५,२७८ रुपये, निराळा. हे सर्व त्या काळच्या दरांचे आकडे आहेत; आज रक्कम वाढलेली असणार. पण खर्चाचे स्वरूप बदललेले नाही. जीवनशैलीचा उपक्रम फुकट होत नाही, कारण त्यातील औषध म्हणजे माणसाचा वेळ.

येथे लातूरचा उल्लेख अपरिहार्य आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित मोहीम उभी केली. दिवसातून दोनदाच, खरी भूक लागल्यावर, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे आणि रोज पंचेचाळीस मिनिटे चालावे, एवढाच तिचा गाभा. शुल्क नाही, विकत घेण्याची भुकटी नाही. मराठवाड्यातील घराघरांत ‘इन्सुलिन’ हा शब्द चर्चेत आणण्याचे श्रेय या मोहिमेला द्यावेच लागेल. अनेकांचे वजन व साखर उतरल्याचे सांगितले जाते. मात्र असे अनुभव तुलनेसाठी दुसरा गट ठेवून मोजल्याशिवाय त्यांवरून प्रमाण काढता येत नाही, हा अनेक मधुमेहतज्ज्ञांचा आक्षेपही तितकाच ग्राह्य आहे. आप्तांना आमची एक कळकळीची सूचना आहे : इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवण कमी केल्यास साखर एकाएकी खाली जाऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

मधुमेह जडल्यानंतर काय? ब्रिटनमधील २०१७ च्या ‘डायरेक्ट’ प्रयोगात अत्यल्प उष्मांकाच्या आहाराने ४६ टक्के रुग्णांची साखर एका वर्षाअखेर औषधांविना मर्यादेत आली. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के झाले आणि पाच वर्षांनी, पाठपुरावा चालू राहिलेल्या गटात, १३ टक्के. अमेरिकेतील ५,१४५ रुग्णांच्या ‘लूक अहेड’ या दीर्घ अभ्यासात हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. औषधांचा आणि रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च मात्र घटला. म्हणून ‘मधुमेह कायमचा बरा’ असे फलक आम्ही लावत नाही. लाभ खरा आहे, पण संपर्क तुटला की तोही ओसरतो.

आणि संपर्क टिकवणेच आमच्या भागात अवघड आहे. मुखेड, कंधारकडील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेवढ्या काळात नोंदवहीतील त्यांच्या नावापुढची पाने कोरी राहतात. वैशाखात नांदेडला सकाळी नऊनंतर चालणे शक्य नसते, तर स्त्रियांना पहाटे एकटीने बाहेर पडणे प्रशस्त वाटत नाही. रास्त भाव दुकानातून प्रामुख्याने गहू-तांदूळ मिळतो. ज्वारी विकत घ्यावी लागते. शिवाय ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, हा समज घट्ट बसला आहे. भाकरीतही पिष्ट असतेच. चार ऐवजी दोन, आणि सोबत वरण व भाजी अधिक, हे सुनेला आणि सासूला एकत्र बसवून सांगावे लागते. पाच मिनिटांच्या बाह्यरुग्ण तपासणीत ते होत नाही.

आता निधीविषयी. धर्मादाय रुग्णालय म्हणून एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. परंतु तो निधी देयकांशी बांधलेला आहे, आणि ज्याला फक्त महिन्याकाठी फोन करावयाचा आहे त्याचे देयक निघतच नाही. देणगीदारांचा ओढा स्वाभाविकपणे यंत्रांकडे असतो. यंत्रावर नाव कोरता येते, आहारतज्ज्ञाच्या वेतनावर कोरता येत नाही. यंत्र ही भांडवली बाब, वेतन ही आवर्ती बाब, आणि आवर्ती खर्च एकरकमी देणगीतून फार काळ चालत नाही. त्यामुळे विश्वस्त मंडळापुढे आम्ही असा प्रस्ताव ठेवला आहे की, या उपक्रमासाठीच्या देणग्या स्वतंत्र कायम निधीत ठेवून त्यांच्या केवळ व्याजातून एक आहारतज्ज्ञ आणि गावोगाव जाणारी एक आरोग्यसेविका यांचे वेतन द्यावे. व्याज जितके येईल तितक्याच रुग्णांची नोंदणी करावी आणि नोंदविलेल्या प्रत्येकाचा किमान तीन वर्षे पाठपुरावा व्हावा. इच्छुक देणगीदारांनी धनादेशासोबतच्या पत्रात ‘मधुमेह पाठपुरावा निधी’ असा स्पष्ट उल्लेख करावा, म्हणजे ती रक्कम सर्वसाधारण खात्यात जमा होणार नाही.