बातम्या मोजल्या, पण प्रेक्षक कुठे आहेत?

आंदोलनाच्या बातम्यांत ‘हिंसा’ किती वेळा आली ते मोजलं की प्रेक्षकांवरचा परिणाम कळेल, असं मी सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं. गाइडनी विचारलं, “यात प्रेक्षक कुठे आहेत?”

आशय मोजून आशयच कळतो. परिणामासाठी तुलना लागते. डग्लस मॅक्लाऊड यांनी १९९५च्या अभ्यासात एकाच आंदोलनाच्या दोन टीव्ही बातम्या वेगवेगळ्या गटांना दाखवल्या. पोलिसांकडे जास्त झुकलेली बातमी पाहिलेले लोक आंदोलकांबद्दल जास्त कठोर होते, पोलिसांबद्दल कमी. आंदोलन तेच, मांडणी वेगळी. म्हणून फरकाचं श्रेय मांडणीला देता येतं.

पण हा परिणाम बातमी पाहिल्यानंतर लगेचचा. घरी रोजच्या चर्चा पाहताना तो टिकतो का, हा वेगळा प्रश्न. आपला प्रश्न यातला नेमका कुठला, ते आधी ठरवा, मोजणी नंतर.