लेबल हरवलेला कंद

फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बागांमध्ये शुकशुकाट असतो. झाडे निष्पर्ण, माती ओलीगार, आभाळ राखाडी. नेमक्या याच दिवसांत काही माणसे, त्यात निवृत्त झालेली बरीच, गुडघ्याखाली छोटी गादी घेऊन ओल्या गवतात वाकलेली दिसतात. वीतभर उंचीचे, खाली मान घातलेले एक पांढरे फूल बोटाने हलकेच वर उचलायचे आणि आतल्या पाकळीवरची हिरवी खूण पाहायची, एवढ्यासाठी हा खटाटोप. फुलाचे नाव स्नोड्रॉप, शास्त्रीय नाव गॅलँथस. खुणेचा आकार थोडा बदलला किंवा ती हिरव्याऐवजी पिवळी निघाली, की तो वाण वेगळा. या वेडापायी २०१५ साली पिवळ्या खुणेच्या एका कंदाला १,३९० पौंड मोजले गेले. अशा फुलवेड्यांसाठी तिथे ‘गॅलँथोफाइल’ असा खास शब्दच आहे.

त्यांचेच भाऊबंद म्हणजे अल्पाइन वनस्पतींचे शौकीन. आल्प्स, हिमालय, कॉकेशस अशा पर्वतांवर, जिथे वृक्ष वाढेनासे होतात त्याच्याही वर, खडकांच्या फटीत उगवणारी ही बुटकी झाडे. रेजिनाल्ड फॅरर या वनस्पतीशोधकाच्या १९१९ सालच्या ‘द इंग्लिश रॉक गार्डन’ या ग्रंथाने या छंदाला मोठी चालना दिली. पुढे १९२९ मध्ये ‘अल्पाइन गार्डन सोसायटी’ स्थापन झाली. ही झाडे थंडीने सहसा मरत नाहीत, हिवाळ्यातल्या ओलीने मरतात. डोंगरावर त्यांच्या अंगावर कोरड्या बर्फाची गोधडी असते, सपाटीवर मात्र पावसाची रिपरिप. म्हणून शौकीन मंडळी काचेचे छप्पर घालतात, मातीत निम्मी बारीक खडी मिसळतात आणि प्रत्येक कुंडीत नावाचे लेबल खोचतात. बाहेरच्या माणसाला हा लेबलांचा सोस हास्यास्पद वाटतो. वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर या छंदातली सगळ्यात शहाणपणाची सवय तीच आहे.

कोठाराची राखण

कंद म्हणजे झाडाचे कोठार. प्रतिकूल महिने जमिनीखाली काढायचे आणि ऋतू येताच भराभर वाढून फुलायचे, यासाठी लागणारे पिष्ट आणि साखर त्यात भरलेली असते. उंदीर, डुक्कर, कीड, बुरशी या सगळ्यांना हे कोठार हवे असते. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते रसायनांचा पहारा बसवते.

या पहाऱ्याचा सौम्य अनुभव मराठी घरांत सगळ्यांना आहे. अळू चिरताना हात खाजतात आणि नीट न शिजलेले अळू घशाला खाजते, ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. डॅफोडिल आणि हायसिंथ यांच्या कंदांत आणि रसात अशाच सुया असतात. हे कंद किंवा फुले दिवसभर हाताळणाऱ्यांच्या बोटांना आणि मनगटांना खाज सुटते, पुरळ येते. चांगले धुतले आणि काही दिवस संपर्क टाळला की ते बरे होते.

ट्यूलिपची तऱ्हा वेगळी. त्याच्या कंदात ट्यूलिपोसाइड हे द्रव्य असते. कंदाला इजा झाली की त्यातून ट्यूलिपॅलिन तयार होते आणि काहींना त्याची ॲलर्जी होते. बोटांची टोके लाल, कोरडी होतात, भेगा पडतात, नखांच्या कडा दुखतात. नेदरलँड्समध्ये कंद निवडणाऱ्या कामगारांत हा त्रास इतका ओळखीचा आहे की वैद्यकीय पुस्तकांतही त्याचे नाव ‘ट्यूलिप फिंगर्स’ असेच आहे. एकदा ॲलर्जी जडली की थोडासा स्पर्शही पुरतो. इथे साध्या व्हायनिल हातमोज्यांचा उपयोग नाही, कारण हे द्रव्य त्यांच्या आरपार जाते. नायट्राइलचे हातमोजे ते अडवतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, अन्न संपलेल्या डच लोकांनी हेच ट्यूलिपचे कंद मधला पिवळा कोंब काढून, शिजवून खाल्ले. ती उपासमारीतली नाइलाजाची गोष्ट होती. पण तोच उपाय डॅफोडिलवर केला तर अंगाशी येतो.

कांदा नव्हे

२००९ साली इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांनी शाळेच्या बागेतल्या भाज्यांचे सूप केले. त्यात कांदा समजून डॅफोडिलचा कंद पडला. बारा मुलांना पोटदुखी आणि उलट्या झाल्या आणि रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने सगळी बरी झाली. डॅफोडिलमधले लायकोरिन लगेच उलटी घडवते, त्यामुळे विष पोटात फार काळ टिकत नाही, हेही त्यांच्या पथ्यावर पडले असणार. पुढे २०१५ मध्ये ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने दुकानदारांना डॅफोडिल भाज्या-फळांपासून दूर ठेवण्याची सूचना केली.

ज्या कुळातल्या कंदाने ही मुले आजारी पडली, त्याच कुळाने वैद्यकाला एक औषध दिले आहे. स्नोड्रॉपमध्ये गॅलँटामिन नावाचे अल्कलॉइड असते. १९५० च्या दशकात सोव्हिएत रशिया आणि बल्गेरियातल्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. पोलिओनंतर आलेल्या स्नायूंच्या दुबळेपणासाठी ते तिथे वापरले जाई. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन हा निरोप्या रेणू कमी पडतो. त्याचे विघटन करणाऱ्या विकराला गॅलँटामिन रोखते. २००१ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली.

औषधासाठी स्नोड्रॉप आणि त्याच्या नात्यातल्या वनस्पती रानातून उपटत राहिले तर त्या संपतील, म्हणून कारखान्यात रासायनिक पद्धतीने गॅलँटामिन तयार करण्याचा मार्ग निघाला. वेल्समध्ये हजार फुटांहून उंच डोंगराळ जमिनीवर त्यासाठी डॅफोडिलची शेतीही होते. रानटी स्नोड्रॉपच्या व्यापारावर आज आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

या औषधाबद्दल अवास्तव आशा मात्र नको. ते आजार बरा करत नाही. काही रुग्णांत काही काळ स्मृती आणि रोजचे व्यवहार थोडे सावरतात, इतकेच. मळमळ, वजन घटणे, नाडी मंद होणे हे त्याचे दुष्परिणाम आहेत. गोळीत मिलिग्रॅममध्ये मोजलेले औषध असते. कंदात ते किती आहे हे जात, जमीन आणि हंगाम यांनुसार बदलते आणि त्याच्या जोडीला इतर विषारी द्रव्येही असतात. ‘नैसर्गिक’ म्हणून कंद चाटवण्याचा प्रयोग कोणी करू नये.

पाने वसंतात, फुले शरदात

या छंदातली सगळ्यात धोकादायक वनस्पती दिसायला फार देखणी आहे. कोल्चिकमची जांभळट-गुलाबी फुले शरद ऋतूत थेट जमिनीतून वर येतात. तेव्हा त्यांना एकही पान नसते. पाने येतात पुढच्या वसंतात, तेव्हा फूल नसते. या चुकामुकीतच धोका आहे. मध्य युरोपात वसंत ऋतूत लोक रानलसणाची पाने चटणी-सूपसाठी खुडून आणतात. त्याच सुमारास कोल्चिकमची पानेही वर आलेली असतात. ओळख पटवायला फूल नाही, आणि वासावर विसंबावे तर पहिली चार पाने खऱ्या लसणाची खुडल्यावर बोटांनाच लसणाचा वास लागलेला असतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, क्रोएशिया अशा देशांत या गफलतीने मृत्यू झाले आहेत.

कोल्चिकममधले विष म्हणजे कोल्चिसिन. पेलेटिए आणि काव्हांटू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी १८२० मध्ये ते वेगळे काढले. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन्हीकडे ओढून नेणारे सूक्ष्म धागे असतात. कोल्चिसिन ते धागेच तयार होऊ देत नाही, त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडते. १९३७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ याच गुणाचा उपयोग करून गुणसूत्रे दुप्पट झालेली, दणकट आणि मोठ्या फुलांची झाडे घडवत आले आहेत. माणसाच्या शरीरात मात्र ज्या पेशी सतत विभागतात, म्हणजे आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा, त्यांच्यावर पहिला घाला पडतो.

विषबाधेची वाटचाल फसवी असते. सुरुवातीचे काही तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होते आणि ‘काहीतरी बाधले’ म्हणून घरीच थांबले जाते. कधी मध्येच थोडे बरेही वाटते. दुसऱ्या दिवसापासून रक्तातल्या पेशी घटू लागतात, मूत्रपिंड, यकृत, हृदय एकामागून एक दमतात. यातून वाचलेल्या रुग्णाचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात आणि पुन्हा येतात. सहज उपलब्ध असा उतारा नाही. शिजवल्यानेही हे विष जात नाही. म्हणून पहिल्या काही तासांत रुग्णालय गाठणे हाच खरा उपचार.

हेच कोल्चिसिन अगदी लहान मात्रेत गाउटच्या, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या संधिवाताच्या ठणक्यावर गुणकारी आहे. हृदयविकार असलेल्या प्रौढांसाठी ०.५ मिलिग्रॅमच्या रोजच्या मात्रेला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र झटक्यानंतर लगेच ते सुरू केलेल्या रुग्णांच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. औषधाची आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडे आहे. म्हणून ठणका थांबत नाही म्हणून आपल्या मनाने गोळ्या वाढवू नयेत. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सुरू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आपल्या बांधावरची बहीण

हे सगळे दूरच्या थंड देशांतले, असे समजू नये. काश्मीरमध्ये पिवळ्या फुलाचा कोल्चिकम वाढतो. युनानी वैद्यकात सुरंजान म्हणतात ते हेच. त्याच्या कुळातली कळलावी तर सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणा-बांधांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुललेली असते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन भरपूर असते. तमिळनाडूत या बियांसाठी तिची शेती होते. प्रसूतीच्या कळा लावण्यासाठी तिचा कंद वापरण्याच्या जुन्या चालीवरून तिला हे नाव मिळाले. तो उपाय आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. रताळे समजून हा कंद खाल्ल्यानेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. कोळकांदा किंवा रानकांदा दिसतो कांद्यासारखाच, पण त्यातली द्रव्ये हृदयाचे ठोके बिघडवतात.

खरा धोका पिशवीतही

फुलवेड्यांना आणखी एक धोका मातीतून असतो. ‘लेजिओनेला लाँगबीची’ हा जिवाणू कुंडीत भरण्याच्या तयार मिश्रणात आणि कंपोस्टमध्ये आढळतो. त्याची धूळ श्वासातून गेली तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि स्कॉटलंडमध्ये बागकाम करणाऱ्यांत असे रुग्ण आढळले आहेत. वय जास्त, धूम्रपान किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर जोखीम वाढते. पिशवी तोंडाजवळ धरून फाडू नये. मोकळ्या हवेत उघडावी, मिश्रणावर थोडे पाणी शिंपडावे, मास्क लावावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. बागकामानंतर काही दिवसांत ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना मातीकामाचा उल्लेख जरूर करावा. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घेतलेली असावी.

घरात कंद असतील तर ते स्वयंपाकघरात, फ्रीजमध्ये भाजीशेजारी ठेवू नयेत. मुले आणि पाळीव प्राणी यांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी, नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावेत. कोणी चुकून खाल्लेच तर मुद्दाम उलटी करवू नये. लक्षणांची वाट न पाहता, उरलेला कंद किंवा पान सोबत घेऊन रुग्णालयात जावे. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

आपत्कालीन विभागात अशा रुग्णाबाबत डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो ‘काय खाल्ले?’ हाच. ‘कसला तरी कंद’ या उत्तरात मोलाचे तास जातात. कुंडीत खोचलेल्या लेबलावरचे नाव त्या वेळी निदानाचे निम्मे काम करून टाकते. म्हणून बाल्कनीत दोनच कुंड्या असल्या तरी नाव लिहिलेली एक पट्टी प्रत्येकीत खोचून ठेवावी. पावसात शाई उडते, म्हणून पेन्सिलीने लिहावी.