पिण्याचे नाणे

पैसा पाण्यासारखा खर्चणारे पुष्कळ असतात; पैसाच पाण्यात घुसळून पिणारा समाज मात्र विरळा. मेक्सिकोतील अ‍ॅझटेक साम्राज्यात कोकोच्या बिया चलन म्हणून चालत आणि त्याच बिया भाजून, पाट्यावर वाटून चॉकलेटचे पेय सिद्ध होई. हा मान उमरावांचा, नामांकित योद्ध्यांचा आणि ‘पोच्तेका’ नावाच्या दूरदेशी व्यापाऱ्यांचा. प्रत्येक पेल्याबरोबर गाठीची नाणीच पोटात जात.

कोकोचे झाड उष्ण, दमट, सखल भूमीतले. राजधानी तेनोच्तित्लान उंच पठारावर. तेथे ते रुजत नाही. पॅसिफिक किनाऱ्याकडील सोकोनुस्को प्रांतातून खंडणीदाखल बियांची ओझी येत. गणती विसाच्या पटीत चाले, आपल्या जुन्या बाजारातील ‘कोडी’सारखी: वीस, चारशे, आठ हजार, आणि २४,००० बियांचे एक ओझे. राजधानीच्या परसात हे झाड वाढले असते, तर त्याच्या बीचे नाणे क्वचितच झाले असते.

स्पॅनिश अंमलातही हे चलन टिकले. त्लाक्सकाला येथील १५४५ च्या भावयादीत मोठा टोमॅटो एका बीला, तर ताजे अ‍ॅव्होकाडो तीन बियांना मिळे. नाणे आले की खोटे नाणेही आलेच. त्याच शतकात बेर्नार्दिनो दे साआगून या धर्मोपदेशकाने लबाड विक्रेत्यांच्या युक्त्या नोंदवल्या आहेत: बीच्या टरफलात राजगिऱ्याचे पीठ किंवा मेण भरून ते पुन्हा मिटवायचे! वाटताना लबाडी उघडी पडणारच. पण तोवर सौदा झालेला असे.

मूळ पेय बिनसाखरेचे. त्यात मिरची व व्हॅनिला घालत आणि उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून फेस काढत. साखर आणि दालचिनी स्पॅनिशांमागून आली. तळव्यांत फिरवायची लाकडी रवी, ‘मोलिनियो’, हीही त्यानंतरचीच. हे उपवासाला चालते का, हा वाद तिथल्या ख्रिस्ती समाजातही रंगला. अंतोनियो दे लेओन पिनेलो यांनी १६३६ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला!

आज वाहाका शहरातील मिना रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत. आपण दळण नेतो तशी तेथील कुटुंबे कोको, बदाम, दालचिनी आणि साखर आपापल्या प्रमाणात दळून घेतात. कोकोत स्निग्धांश भरपूर असल्याने गिरणीच्या उष्णतेने पिठाऐवजी काळसर, ऊन लगदा बाहेर पडतो. त्याच्या वड्या थापून ठेवायच्या आणि लागेल तेव्हा गरम पाण्यात वा दुधात विरघळवून, फेस येईपर्यंत घुसळायच्या.

पाण्यातली रीत जुनी आणि कोकोचा कडवट गंध तिच्यातच अधिक खुलतो. सोबत बुडवून खाण्यास येणाऱ्या ‘पान दे येमा’ या पावात मात्र अंड्याचा बलक असतो. तेथे जाणाऱ्या आपल्या मंडळींनी पेला मागवतानाच पाव नको म्हणून सांगावे.