रात्री मोजलेली मुंबई

मुंबईतली माणसं कमी झाली असं दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता कुणी सांगितलं, तर आजूबाजूचे लोक त्याला वेड्यात काढतील. पण तसं झालंय, आणि एकदाच नव्हे.

सुरुवातीचे आकडे अंदाजाचेच आहेत. 1675च्या सुमारास बेटावर 60 हजार माणसं होती, असं एक इंग्रज डॉक्टर नोंदवतो. 1718च्या आसपास हाच अंदाज 16 हजारांवर आलेला दिसतो. मधल्या काळात खाजणातले ताप होते, साथी होत्या आणि 1689मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने बेटावर केलेली स्वारीही होती. पुढे खाड्या बुजल्या, व्यापार जमला आणि माणसं परतली.

मग आला कापूस. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. फेब्रुवारी 1864च्या मोजणीत शहरात 8,16,562 माणसं भरली. दुसऱ्याच वर्षी ते युद्ध संपलं, शेअर कोसळले, पेढ्या बुडाल्या. 1872च्या जनगणनेत उरले 6,44,405. 1864चा आकडा फुगलेला असावा, अशी शंका घेतली जाते. असेलही. त्या वर्षी मुंबईत न फुगलेलं असं होतं तरी काय?

खरी पळापळ झाली ती प्लेगच्या वेळी. सप्टेंबर 1896मध्ये मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी साथ ओळखली. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं. लोक आगगाडीने पळाले, गलबतांनी पळाले आणि प्लेगही सोबत घेऊन गेले. गिरण्यांना माणूस मिळेना. नाक्यानाक्यावर मजुरीची बोली लागायची आणि ज्या दिवसाची मजुरी त्याच दिवशी हातावर ठेवावी लागायची. गिरणी कामगार एरवी मालकाच्या दारात उभा असायचा. त्या हंगामात मालकाची माणसं त्याला शोधत फिरली.

1891मध्ये 8,21,764 असलेली संख्या 1901मध्ये 7,76,006 झाली. यात एक गोम आहे. 1901ची मोजणी ऐन प्लेगच्या मोसमात झाली, म्हणजे गावी गेलेले त्यात धरलेच नाहीत. 1906मध्ये मुद्दाम पुन्हा माणसं मोजली, तर ती 9,77,822 निघाली. साथ तेव्हाही संपलेली नव्हती, पण पोटाला गिरणीच हवी होती.

प्लेगने शहराला पसरायलाही लावलं. 1898मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याच्या शेतवाडीत आखीव वसाहती उभारल्या. पाडलेल्या खोल्यांतला मजूर तिथे गेला नाही. तो शेजारच्याच चाळीत आणखी दाटीने राहू लागला. माटुंग्यात मध्यमवर्ग गेला. हे गणित मुंबईत पुढेही बदललेलं दिसत नाही.

फाळणीनंतर शहर एकदम भरलं. 1950 आणि 1957मध्ये हद्द वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. जुनं बेट मात्र 1981मध्ये 32.85 लाखांवर जाऊन अडखळलं: 1991मध्ये 31.75 लाख, 2001मध्ये 33.38, 2011मध्ये 30.85. ना साथ, ना युद्ध. 1982च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या आणि जागेचे भाव चढत गेले. आमच्या मामांनी परळची पागडीची खोली दिली आणि डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्या. मामी म्हणाली, संडास घरात आला, बास. आता त्यांचा मुलगा रोज सकाळी लोकलला लोंबकळत परळलाच येतो, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत कामाला. जनगणना माणसाला तो झोपतो तिथे मोजते, म्हणून मामेभाऊ ठाणे जिल्ह्याचा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत तो जिल्हा, तेव्हा त्यातच असलेल्या पालघरसकट, 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला.

माझ्या मते यावेळची ओहोटी आधीच्यांपेक्षा वेगळी आहे. तेव्हा गेलेले परत आले. आता गेलेले रोज येतात आणि रोज जातात.

त्याच दहा वर्षांत आणखी एक घट झाली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ज्या रत्नागिरीने गिरण्यांना माणसं पुरवली, तिथली लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 झाली. सिंधुदुर्गही घटला. 2011मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात 832; हे दोन आकडे एकमेकांना जोडून वाचावे लागतात. कोकणातली वाडी आणि गिरगाव-परळ, दोन्ही टोकं उतरली. भरली ती मधली स्टेशनं.

भाद्रपदात वाडीतल्या घरांची कुलपं निघतात, चार-पाच दिवस ओसऱ्या भरतात. चाकरमानी अजून मुंबईहूनच आलेला असतो, निदान वाडीच्या बोलण्यात. सावंतवाडीची एक गाडी मात्र आता ठाण्यापुढच्या दिव्याहून सुटते.