तिसरी बेरीज कमी का येते?

ॲक्रिलिकची एक आडवी, पारदर्शक नळी. दोन्ही टोकांना रुंद, मधोमध चिमटीत धरल्यासारखी अरुंद. तिच्या पाठीवर ओळीनं उभ्या केलेल्या काचेच्या बारीक नळ्या. पंप सुरू होतो, डावीकडच्या टाकीत पाणी चढतं, आडव्या नळीतून वाहू लागतं आणि उभ्या नळ्यांत वर चढून थांबतं. पहिल्या नळीत सर्वांत उंच, पुढच्या प्रत्येकीत थोडं कमी, आणि जिथे वाट सर्वांत अरुंद तिथे एकदम खाली बसलेलं. तिथून पुढे ते पुन्हा चढत जातं. उभ्या नळ्यांतल्या पाण्याचे माथे डोळ्यांनी जोडले, तर एक सुंदर झोळ दिसतो.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला हा प्रयोग असतो. बर्नुलीचा सिद्धांत पडताळून पाहणे, असं जर्नलमध्ये त्याचं शीर्षक. तासाभराच्या प्रॅक्टिकलमध्ये तो उरकलाही जातो. मला मात्र त्या झोळापुढे दर वेळी थबकायला होतं, कारण तो आपल्या मनातल्या एका पक्क्या समजुतीला सरळ नाही म्हणतो.

समजूत अशी, की वाट अरुंद झाली की रेटारेटी वाढणार, म्हणजे दाबही वाढणार. माणसांच्या गर्दीत तसं होतंही. पण उभ्या नळीतली पाण्याची उंची म्हणजे तिच्या तळाशी असलेला दाब, आणि ती उंची अरुंद जागीच सर्वांत कमी आहे. का? पाणी दाबून लहान होत नाही. जेवढं एका टोकानं आत येतं तेवढंच दर सेकंदाला प्रत्येक छेदातून पुढे जायला हवं. वाट निम्मी झाली तर वेग दुप्पट व्हायलाच हवा. आता एका थेंबाकडे पाहा. तो रुंद भागातून अरुंद भागात शिरताना वेग घेतो आहे. कुणीतरी ढकलल्याशिवाय वेग वाढत नाही. थेंबाला ढकलणारं असतं ते फक्त मागचं आणि पुढचं पाणी. म्हणजे मागचा दाब पुढच्या दाबापेक्षा जास्त असलाच पाहिजे. अरुंद जागी दाब कमी असतो म्हणूनच पाणी तिथे धावत जातं.

आता मोजमाप. डेटम हेड, प्रेशर हेड, व्हेलॉसिटी हेड हे शब्द आपण इतक्या सवयीनं म्हणतो, की त्यांतली गंमत निसटते. इथे ऊर्जा ज्यूलमध्ये मोजत नाहीत. ती सेंटिमीटरमध्ये, साध्या फुटपट्टीनं मोजतात. पाण्याची ऊर्जा त्याच्या वजनानं भागली की उरते ती निव्वळ उंची. नळी आडवी असल्यानं जागेची उंची सगळीकडे सारखी, ती बाजूला ठेवू. दाबाची उंची काचेच्या नळीत समोर दिसते. आणि वेगाची उंची? तेच पाणी त्याच वेगानं सरळ वर उडवलं, तर आदर्श स्थितीत ते जेवढं चढेल तेवढी. ही उंची दिसत नाही, हिशेबानं काढावी लागते.

त्यासाठी एक टाकी आणि एक स्टॉपवॉच पुरतं. सोयीचे आकडे घेऊ. मोजटाकीचा तळ 40 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटर, म्हणजे 1200 चौरस सेंटिमीटर. तिच्यात पाणी 10 सेंटिमीटर चढायला 30 सेकंद लागले. तर दर सेकंदाला 400 घन सेंटिमीटर पाणी वाहतं आहे. नळीचा छेद टोकांना 5 चौरस सेंटिमीटर असेल, तर तिथला वेग सेकंदाला 80 सेंटिमीटर. मध्ये छेद अडीच, म्हणून वेग 160. वेगाचा वर्ग करून त्याला 1962 नं भागायचं. हा आकडा म्हणजे गुरुत्वत्वरणाची दुप्पट. टोकाला वेगाची उंची येते 3.3 सेंटिमीटर, मध्ये 13. वेग दुप्पट, उंची चौपट.

समजा, काचेच्या नळ्यांत सुरुवातीला 26, मध्ये 15.9 आणि शेवटी 24.2 सेंटिमीटर पाणी दिसलं. बेरजा करू. सुरुवातीला 29.3. मध्ये 28.9. दाब दहा सेंटिमीटरनं खाली आला, तरी बेरीज जवळजवळ जागच्या जागी! झोळात हरवल्यासारखं वाटलेलं सगळं वेगात सापडलं. काचेत न दिसणारी गोष्ट स्टॉपवॉच आणि टाकीनं पकडून दिली, हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा खरंच अंगावर काटा येतो.

आणि शेवटी? 24.2 अधिक 3.3. साडेसत्तावीस.

इथेच विद्यार्थ्याचा हात अडखळतो. सिद्धांत म्हणतो बेरीज तीच राहायला हवी, आणि तिसरी बेरीज 1.8 सेंटिमीटरनं कमी येते. आमच्या वेळी अशा वेळी रबर निघायचं. 24.2 चे 25.8 व्हायचे आणि जर्नलवर सही मिळायची. त्या खाडाखोडीत प्रयोगातला सर्वांत मोलाचा आकडा पुसला जायचा, हे मला फार उशिरा कळलं.

मोजण्यातल्या चुका इथे असतातच, आणि त्या आधी शोधायला हव्यात. काचेच्या नळीत अडकलेला हवेचा एक बुडबुडा उंची बदलून टाकतो. नळीला पाडलेल्या भोकाची कड आतून गुळगुळीत नसेल, बारीकसा कंगोरा उरला असेल, तर वाहतं पाणी तिथे ठेचकाळतं आणि दाब चुकीचा दिसतो. पहिल्या टाकीतली पातळी स्थिर होण्याआधी घेतलेलं रीडिंग तर वायाच. शिवाय नळीच्या मध्यातलं पाणी वेगानं जातं आणि भिंतीला चिकटलेलं जवळपास थांबलेलं असतं. आपण सगळ्यांचा एकच सरासरी वेग धरतो, त्यातही काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात. पण बुडबुडे काढा, कडा घासा, शांतपणे थांबा, पुन्हा मोजा. तूट लहान होईल, जाणार नाही. आणि ती नेहमी एकाच दिशेची असते. शेवटची बेरीज पहिलीपेक्षा जास्त कधीच भरत नाही.

तूट पडते कुठे, तेही पाहण्यासारखं आहे. अरुंद होत जाणाऱ्या निम्म्या वाटेत जेमतेम चार मिलिमीटर गेले, आणि रुंद होत जाणाऱ्या निम्म्यात चौदा. वाट अरुंद होताना पुढचा दाब कमी असतो, पाणी उतारावरून गेल्यासारखं एकमेकांना धरून जातं. वाट रुंद होताना पुढचा दाब वाढत जातो. मधल्या वेगवान पाण्याला तो चढ जमतो. भिंतीलगतच्या थकलेल्या पाण्याला जमत नाही. ते रेंगाळतं, भिंत सोडतं, मागे वळतं, आणि तिथे भोवरे उठतात. नळीत शाईचा थेंब सोडला तर हे डोळ्यांनी दिसतं. मोठ्या जलवाहिन्यांवर प्रवाह मोजायला व्हेंचुरी मीटर बसवतात. त्याचा पुढचा, रुंद होणारा भाग मागच्यापेक्षा इतका लांबट का ठेवतात, याचं उत्तर या चौदा मिलिमीटरांत आहे. वाट हळूहळू रुंद केली की भोवरे कमी उठतात.

मग भोवऱ्यांत गेलेली ऊर्जा कुठे गेली?

डॅनियल बर्नुलीकडे याचं उत्तर नव्हतं. 1700 साली जन्मलेला हा माणूस शिकला वैद्यक, रमला गणितात. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत आठेक वर्षं काढून तो बाझेलला परतला आणि 1738 मध्ये त्याचा ‘हायड्रोडायनॅमिका’ हा ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावर त्यानं स्वतःची ओळख योहानचा मुलगा अशी दिली आहे. वडील योहान हे स्वतः मोठे गणिती. पॅरिस अकादमीचं एक पारितोषिक 1734 मध्ये बापलेकांना विभागून मिळालं, याचाच त्यांना राग. पुढे त्यांनी याच विषयावर ‘हायड्रॉलिका’ लिहिलं आणि त्यावर 1732 हे आधीचं साल घातलं. मुलाचं श्रेय बापानं ओढून घ्यायचं, हे वाचताना आजही वाईट वाटतं. आपण जर्नलमध्ये लिहितो ते समीकरणाचं नेटकं रूप लिओनार्ड ऑयलरनं 1750 च्या दशकात घडवलं. पण वाहत्या पाण्याचा नळीच्या भिंतीवरचा दाब आणि त्याचा वेग एकाच हिशेबात धरायची दृष्टी डॅनियलची. ऊर्जा हा शब्द आजच्या अर्थानं तेव्हा नव्हता. गतीच्या या राशीला त्या काळी जिवंत बल म्हणत. ते घर्षणात नाहीसं झालेलं दिसे, एवढंच ठाऊक होतं.

हिशेब पुरा व्हायला आणखी शतक जावं लागलं, आणि तो पुरा झाला तोही पाण्यातच. मँचेस्टरजवळच्या जेम्स जूलनं भांड्यातल्या पाण्यात पाती बसवली, दोरीला वजनं टांगली आणि ती खाली सोडली. वजनं उतरताना पाती फिरत, पाणी घुसळलं जाई. वीस वेळा वजनं वर नेऊन सोडल्यावर पाणी तापे ते सुमारे अर्धा फॅरनहाइट अंश. एवढ्याशा फरकातून त्यानं 1850 मध्ये ठरवलं, की एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंश तापवायला 772 पौंड वजन एक फूट खाली यावं लागतं. आजच्या मोजमापाशी हा आकडा एका टक्क्याच्या आत जुळतो. भोवरे विरतात, पण पाणी किंचित गरम होऊन राहतं.

जूलला धबधब्याच्या तळाशी पाणी माथ्यापेक्षा ऊन सापडेल अशी खात्री होती. 1847 मध्ये लग्नानंतरच्या प्रवासात तो आल्प्समध्ये असताना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, त्याला वाटेत भेटला. सालांशच्या धबधब्यावर तापमान मोजायचं ठरलं, पण तिथे पाण्याचे तुषारच इतके उडत होते की मोजमाप जमलं नाही.

आपल्याकडचा हिशेब करून पाहू. कोयनेच्या जलाशयातलं पाणी पोफळीच्या वीजगृहाकडे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरतं. ही सगळी उंची उष्णतेत गेली, तर पाणी तापेल जेमतेम एक अंश सेल्सियसनं. टर्बाइन त्यातला बहुतेक वाटा विजेसाठी काढून घेतात. एक अंशाच्या बदल्यात केवढी वीज! पाणी तापवणं किती महाग आहे, हे इतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्याच आकड्यानं सांगितलेलं नाही.

मग आपल्या अठरा मिलिमीटरांचं काय? प्रत्येक किलो पाण्यामागे ती ऊर्जा एका ज्यूलच्या पाचव्या भागाहूनही कमी भरते. त्यानं पाणी तापेल सुमारे 0.00004 अंश सेल्सियस. प्रयोगशाळेतला कुठलाही साधा तापमापक हा बदल दाखवणार नाही. खिडकीतून आलेलं ऊन, पंपाची धग, टाकीला टेकलेला हात, सगळंच याहून कितीतरी मोठं. तापमापकाला जे अशक्य, ते दहा रुपयांची फुटपट्टी दाखवते. अंशाच्या लाखाव्या भागांत मोजावी लागणारी ऊब तिच्यावर अठरा मिलिमीटर लांबीची होऊन डोळ्यांसमोर येते.

म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना एक विनंती. बुडबुडे काढा, पातळी स्थिर होऊ द्या, रीडिंग तीनदा घ्या. आणि मग तिसरी बेरीज साडेसत्तावीस आली, तर साडेसत्तावीसच लिहा. सरांनी व्हायवात विचारलं, उरलेले अठरा मिलिमीटर कुठे गेले, तर टाकीकडे बोट दाखवा. ते त्या पाण्यातच आहेत.